वळली, उशिरा वळली, वळली नाही

मेंदूतलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. तीस वर्षं अंगणवाड्यांवर पर्यवेक्षिका म्हणून फिरले, मुलांची वजनं घेतली, खिचडीत मीठ बेताचं आहे का ते चाखून पाहिलं आणि निवृत्त होऊन अंबाजोगाईत घरी बसले. परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "बाई, पुण्याकडं आठवडाभर काय करत होतात?" मी सांगायला लागते आणि अर्ध्यावर माझाच गोंधळ उडतो. म्हणून एकदा सगळं ओळीनं लिहून काढते आहे.

बोलावणं आलं ते भाचीचं, रेवतीचं. थोरल्या बहिणीची ही मुलगी हिंजवडीत काम करते. फोनवर म्हणाली, "मावशी, आम्ही लहान मुलांच्या वागण्याचा आणि मेंदूचा अभ्यास करतोय. मशीनला शिकवायचंय. त्यासाठी मुलांत वावरलेली माणसं हवीत. तू ये आठवडाभर." मुलांबद्दल मशीनला शिकवायचं म्हणजे काय, हे मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिनं नीट समजावलं आणि दोन्ही वेळा मला कळलं नाही. तरी पिशवी भरली.

मोशी

उतरायचं होतं मोशीला, उतरले भोसरीला. क्लीनरनं दोन्ही नावं एका दमात घेतली आणि मी पहिल्याला उठले. रिक्षा केली तर रिक्षावाला कळंबचा, आमच्याच बाजूचा निघाला. आमच्याकडं अनोळखी माणूस भेटला की "कुणाच्या घरच्या?" असं विचारतात. यानं विचारलं, "भाची कोणत्या कंपनीत हाय?" पुढं आठवडाभर मला हाच प्रश्न ऐकू आला. भाजीवाली, इस्त्रीवाला, लिफ्टमधली बाई, सगळ्यांना आधी कंपनी हवी. आडनावाचं नंतर बघतात.

रेवतीचं घर नवव्या मजल्यावर. गॅलरीत उभं राहिलं की एकीकडं बांबूच्या परांच्यांत गुंतलेल्या अर्धवट इमारती, दुसरीकडं कांद्याचा एक वाफा, त्याला पाणी देणारा एक माणूस, आणि मधून हायवे. हायवेवरून मोटारी जात होत्याच, पण मोटारींवर बसलेल्या मोटारीही जात होत्या. सात-आठ कोऱ्या गाड्या पाठीवर घेतलेला तो लांबलचक ट्रेलर मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा अपघातच झाला असं वाटलं. जावयांची त्या आठवड्यात दुपारची पाळी होती. त्यांच्यापेक्षा दाराजवळचे त्यांचे बूटच मी जास्त पाहिले.

संध्याकाळी मी मुरमुरे भिजवून सुशीला केला. मिरची-शेंगदाण्याची फोडणी घातली. रेवतीनं दोन बशा खाल्ल्या आणि मग कागदावर चित्र काढून मला समजावायला बसली. काही शहरांतल्या दवाखान्यांत मुलांच्या डोक्यावर तारांची टोपी घालून मेंदूतल्या लहरी टिपतात. टोपी दुखत नाही. इथं ते लोक मुलांच्या खेळण्याचे व्हिडिओ घेतात. मग सगळे आपापली माहिती एका सामायिक साठ्यात ठेवतात. तिथं नाव नसतं, चेहरा नसतो, नुसत्या हालचाली आणि आकडे असतात. जगातला कुणीही अभ्यासक तो साठा वापरू शकतो. मशीन त्यातून शिकतं की कुठल्या मुलाकडं लवकर लक्ष द्यायला हवं.

"मग मशीनला एकदम सगळंच विचारायचं. माझी काय गरज?" मी म्हटलं.

"मशीनला आधी कुणीतरी सांगावं लागतं ना, की बघ, याला हाक ऐकू आल्यावर वळणं म्हणतात."

हे मात्र मला पटलं. थोडंसं कळल्यासारखंही वाटलं. त्या भरवशावर मी झोपले.

हिंजवडी

मोशीहून हिंजवडी अंतरानं जवळ आणि वेळेनं लांब आहे. कंपनीच्या गाडीत सगळी माणसं कानात बोंडं घालून डोळे मिटून बसली होती. मी एकटीच खिडकीबाहेर बघत होते आणि बाहेर बराच वेळ तोच एक फलक दिसत होता.

उतरल्यावर रेवती माझा पास आणायला पुढं गेली. "या काचेच्या दारापाशी थांब," म्हणाली. काचेची दारं दोन होती, दोन वेगळ्या इमारतींची. मी चुकीच्या दारापाशी थांबले. दरवाननं नमस्कार करून आत नेलं, एका मुलीनं कॉफी दिली आणि विचारलं, "आपण कुणाच्या पालक?" त्या कंपनीत त्या दिवशी कामगारांच्या आईवडिलांना बोलावून कौतुक करायचा कार्यक्रम होता. मी म्हटलं, "कुणाचीच नाही हो, मी मुलांसाठी आलेय." तिला काय समजलं देव जाणे. तिनं माझ्या पदराला कागदी फूल टाचलं. अर्ध्या तासानं रेवती शोधत आली तेव्हा मी फुलासकट तिसऱ्या रांगेत बसले होते.

मग खऱ्या ठिकाणी गेले. आधी एका कागदावर सही घेतली. कागद इंग्रजीत होता, रेवतीनं वाचून दाखवला. त्यातलं एक वाक्य असं होतं, की व्हिडिओतलं मूल कोण आहे हे शोधायचा प्रयत्न मी करणार नाही. मी म्हटलं, मी कशाला शोधू? आणि सही केली.

माझ्या शेजारी जयश्री नावाची तिशीची बाई बसायची. चाकणजवळच्या गावातली, मूळ तिथलीच. त्यांचं कांद्याचं रान कंपनीत गेलं होतं. "आमी जिथं खुरपायचो तिथं आता गाड्या उभ्या ऱ्हात्यात," असं तिनं अगदी सहज सांगितलं, जशी दुसऱ्याच्या रानाची गोष्ट. तिनंच मला काम शिकवलं. पडद्यावर मूल खेळत असतं. सेविका त्याच्या नावानं तीन हाका मारते. आपण बघायचं आणि तीनपैकी एक बटण दाबायचं, याला खूण करणं म्हणतात. वळलं, उशिरा वळलं, वळलं नाही. मशीननं आधीच आपला अंदाज कोपऱ्यात लिहिलेला असतो, पण तो झाकलेला. आपण बटण दाबलं की उघडतो.

पहिल्या दिवशी माझं आणि मशीनचं बहुतेक जुळलं. मला त्याचा आनंद झाला आणि आपण पास झालो की मशीन पास झालं, असा प्रश्नही पडला. जयश्रीला विचारलं तर ती म्हणाली, "मावशी, तुमी लई इचार करता. तीन हाका, तीन बटनं. संपलं."

दुसऱ्या दिवशी चारशे सतरा क्रमांकाचा व्हिडिओ आला. तीनेक वर्षांची मुलगी, हिरवा फ्रॉक, निळ्या भिंतीपाशी बसून डब्यांची झाकणं एकावर एक रचत होती. भिंतीवर पोपट रंगवलेला, त्याचा एक पंख रंगवायचा राहून गेलेला. सेविकेचा आवाज आला, "आराध्या! आराध्या! ए आराध्या!" मुलगी झाकणंच रचत राहिली. मी 'वळली नाही' दाबलं. जयश्रीचं तेच, मशीनचंही तेच.

पण व्हिडिओ अजून दोन-तीन क्षण उरला होता आणि सवयीनं मी बघत राहिले. कुठूनतरी एका बाईचा आवाज आला, "ए चिमे, ये की माय!" आणि मुलगी झर्रकन वळली. अशी वळली की झाकणांची चळत पडली.

मी तो तुकडा चारदा पाहिला. "ये की माय" हे आमच्याकडचं बोलणं. आमच्या भागात कागदावरचं नाव शाळेत घालताना कळतं, तोवर पोर चिमी नाहीतर बाळी असते. मी म्हटलं, "जयश्री, हिला ऐकू येतंय गं. हिला आराध्या हे आपलं नाव आहे हेच माहीत नाही." आणि मी बटण बदललं.

"आसं चालत न्हाई मावशी," ती म्हणाली. "पयल्या तीन हाकाच धरायच्या. नियम हाय."

दोघींच्या खुणा जुळल्या नाहीत की व्हिडिओ मृणाल मॅडमकडे जातो. या अभ्यासाच्या प्रमुख. पन्नाशीच्या, बोलायला शांत. त्यांनी तुकडा पाहिला आणि म्हणाल्या, "तुम्ही म्हणताय ते चूक आहे असं मी म्हणत नाही. पण आज एका मुलीसाठी चौथी हाक मोजली, तर आधीच्या सगळ्या मुलांची चौथी हाक शोधावी लागेल. बऱ्याच व्हिडिओंत ती नाहीच."

"या मुलीचं पुढं काय होतं?"

"व्हिडिओ घेतल्यावर मशीनचा अंदाज बघून ज्यांना तपासणीची गरज वाटते, त्यांच्या घरी लगेच एक कागद जातो. आपल्या खुणा नंतरच्या, मशीनला शिकवायला. घर कुठलं ते आम्हाला माहीत नसतं. ती यादी एकाच माणसाकडं कुलपात असते."

म्हणजे त्या आईच्या हातात एक कागद पडणार. पडलाही असेल. मी अंगणवाडीत असे कागद वाटलेले आहेत. कागद वाचताना आयांची तोंडं कशी होतात ते मला ठाऊक आहे. जेवणाच्या सुट्टीत ताटातल्या सहा खळग्यांत सहा पदार्थ होते आणि मी काय खाल्लं ते मला आठवत नाही.

आळंदी

तिसऱ्या दिवशी मान धरली म्हणून रेवतीनं मला सुट्टी दिली. मोशीहून आळंदी अगदी जवळ, बसनं एकटीच गेले. घाटाच्या पायऱ्यांवर बसले. समोर इंद्रायणी, मागं माळा-बुक्क्याची दुकानं आणि कुठल्याशा मठातून मृदंगाचा सराव ऐकू येत होता. सगळे एकाच ठेक्यावर, एक जण मात्र दरवेळी अर्धी मात्रा मागं. बरं वाटेल म्हणून आले होते, पण डोळे आपले बटणं दाबत होते. कुणी कुणाला हाक मारली की मी मनात क्षण मोजायची. एका माणसाच्या बायकोनं त्याला दोनदा हाक मारली, तो मोबाइलमधून बाहेरच आला नाही. वळला नाही. हे वेड कुठवर जाणार, असं मला वाटायला लागलं.

एका ठेल्यावर शेंगदाण्याची चिक्की घेतली आणि निघाले. थोड्या वेळानं खांद्यावर मागून जोरात थाप पडली. चिक्कीवाली धापा टाकत उभी होती, हातात माझं चष्म्याचं घर.

"आजी, किती हाका मारायच्या! ऐकू येत न्हाई व्हय?"

मला ऐकू आलं होतं. "आजी, ओ आजी!" असं तीनदा ऐकू आलं होतं. पण मी लग्न केलं नाही, मला नातवंडं नाहीत, सगळ्या आयुष्यात मला बाई किंवा मावशी म्हणतात. कुणाच्या तरी आजीला कुणीतरी हाक मारतंय, असं समजून मी चालत राहिले होते.

मी परत पायऱ्यांवर जाऊन बसले आणि एकटीच हसले. त्यांच्या हिशेबानं मीही तपासणीच्या कागदाला पात्र. घरी येऊन रेवतीला सांगितलं तेव्हा तीही हसली, पण म्हणाली, "मावशी, हे तुझं एकटीचं उदाहरण झालं."  मला आता पक्कं माहीत होतं, की चारशे सतराच्या मुलीला काही झालेलं नाही.

चाकण

पाचव्या दिवशी रेवती मला चाकणला घेऊन गेली. एका अंगणवाडीत नवे व्हिडिओ घ्यायचे होते आणि मुलं बुजू नयेत म्हणून मी हवी होते. चौकात कंटेनर एकमेकांना चिकटून उभे होते. रस्त्याकडेच्या पाट्या मराठीत, हिंदीत, एक तर मला न वाचता येणाऱ्या लिपीत. खोल्या भाड्यानं देणे, जेवणाचे डबे, कामगार पाहिजेत. मिसळ खाल्ली. इथं तर्री वेगळ्या भांड्यात देतात आणि हवी तितकी घ्या म्हणतात. ही पद्धत आमच्याकडं आणायला हरकत नाही, पण आमचं काळं तिखट त्यांच्या तर्रीला ऐकायचं नाही.

अंगणवाडी पत्र्याच्या चाळींच्या मधल्या एका भाड्याच्या खोलीत होती. रेवती गाडीतून कॅमेऱ्याची तिपायी घोडी काढत होती, मी आधी आत गेले. निळी भिंत. भिंतीवर पोपट. एक पंख पांढरा.

मी दारातच थांबले. चारशे सतराचा व्हिडिओ इथला आहे, हे रेवतीलाही माहीत असणं शक्य नव्हतं, कारण व्हिडिओ सरमिसळ करूनच त्यांच्यापुढं येतात. सेविका शोभाताई सतरंज्या झटकत होत्या. मी गप्प बसायला हवं होतं. सही केलेला कागद मला आठवत होता, अक्षरशः ते वाक्य आठवत होतं. आणि तरी मी विचारलं, "तुमच्याकडं चिमी म्हणून कुणी आहे का हो?"

"ती काय," शोभाताई म्हणाल्या. कोपऱ्यात गोधडीवर एक मुलगी झोपली होती. "आईची पाळी साडेतीनला सुटती. तवर माझ्यापाशीच असती."

मागं घोडी जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला. रेवती दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

 आम्ही ठरलेले व्हिडिओ घेतले. मी हसून मुलांशी बोलले, गाणं म्हटलं, पण हाका मारायचं काम शोभाताईंवर सोडलं. काम संपल्यावर रेवती खालच्या आवाजात म्हणाली, "मावशी, चल, निघू." तेवढ्यात दारातून एक बाई आली. साडीवर कंपनीचं जाकीट, गळ्यात ओळखपत्राची दोरी. गोधडीकडं जाता जाता तिनं माझं शोभाताईंशी चाललेलं बोलणं ऐकलं आणि थबकली.

"तुमी अंबाजोगाईकडच्या का? आमी केजचे. बोलण्यावरून वळखलं." मग कॅमेऱ्याकडं बघितलं. "तुमीच का त्या व्हिडिओवाल्या?"

तिचं नाव संगीता. रेवतीनं माझा हात दाबला, पण संगीताला थांबवणं कुणाच्याच हातात नव्हतं.

"कागद आला तवा आठ दिवस मला भाकर गोड लागली न्हाई. चाळीतल्या बाया म्हणायल्या, मशीननं तुझ्या लेकीला येडी ठरवलंय. हिचा बाप तर बोलायचाच बंद झाला. मग सुट्टी घिऊन सरकारी दवाखान्यात नेली. डॉक्टरनं कानात बॅटरी मारली. डाव्या कानात काय निघावं? हरभऱ्याची डाळ! कवा घातली कुणाला ठावं. फुगून बसलेली, आत पू झालेला."

 गेले तीन दिवस मी त्या मुलीच्या बाजूनं मनात भांडत होते, आणि तिच्या कानात डाळ होती.

"म्हणजे तिला ऐकू येत नव्हतं?"

"कमी येत व्हतं म्हणले. उजवा चांगला हाय."

"पण आराध्या म्हटलं तर तिला कळायचं का? की चिमीच?"

संगीता जरा विचारात पडली. "घरी चिमीच. आराध्या कोण म्हणतंय हिला! पर आता आराध्या म्हणलं तरी बघती की."

मग त्या दिवशी ती का वळली नाही? नावामुळं, की कानामुळं? आणि आईच्या हाकेला वळली ती नावाला वळली, आईच्या आवाजाला वळली, की आई उजव्या बाजूला होती म्हणून? मी तेव्हाही ठरवू शकले नाही आणि आता हे लिहितानाही ठरवता येत नाही. मशीन चुकलं म्हणावं तर त्याच्या कागदामुळंच डाळ सापडली. बरोबर होतं म्हणावं, तर त्याला ना डाळ ठाऊक, ना चिमी.

संगीतानं मुलीला उचलून खांद्यावर घेतलं. मुलगी अर्धवट जागी होऊन माझ्याकडं बघत होती. मग संगीतानं जो प्रश्न विचारला, त्यासाठी मी मुळात हे सगळं लिहायला बसले.

"बाई, कान धुतला, औषध घातलं, आता ऐकायली. पर तिकडं तुमच्या मशीनमधी तिचं न ऐकणं तसंच ऱ्हायलं का?"

मी रेवतीकडं पाहिलं. रेवती घोडीचे पाय मिटत बसली होती.

परतताना चाकणच्या चौकात आम्ही दीड तास अडकलो.  शेवटी रेवती म्हणाली, "तू लिहून दिलं होतंस मावशी."

"हो."

"मी तुझी हमी घेतली होती. आयाबाया आपल्याला मुलांचे व्हिडिओ देतात ते या एका वाक्याच्या भरवशावर."

 मी म्हटलं, "उद्या मी स्वतः मॅडमना सांगते." तिनं मान हलवली. मग पुढं उभ्या कंटेनरकडं बघत म्हणाली, "आणि तिच्या प्रश्नाचं काय सांगणार आहेस?"

पुन्हा हिंजवडी

मृणाल मॅडमनी दार लावून घेतलं आणि सगळं ऐकून घेतलं. मी मुलीचं नाव घ्यायला गेले तसा त्यांनी हात वर केला. "नाव मला सांगू नका." मग म्हणाल्या, की मला आता खुणा करता येणार नाहीत आणि आतापर्यंत मी केलेल्या सगळ्या खुणा बाजूला काढाव्या लागतील. रेवतीनं लेखी खुलासा द्यायचा. आवाज चढला नाही, म्हणून मला जास्तच लाज वाटली. रेवतीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती ते माझ्यापासून लपवत होती.

तरी मी संगीताचा प्रश्न विचारला. तिनं विचारला त्याच शब्दांत.

मॅडम म्हणाल्या, "त्या आईला वाटलं तर ती व्हिडिओ परत मागू शकते. आम्ही आमच्याकडचा काढून टाकू. सामायिक साठ्यातले तिचे आकडेही काढू. पण ज्यांनी ते आधीच उतरवून घेतलेत, त्यांना फक्त कळवता येतं. ते काढतील अशी आशा करायची."

"काढायचं नाही, बदलायचं असेल तर?"

"बदलायचं काय? त्या दिवशी ती तीन हाकांना वळली नव्हती, हे तर खरंच आहे ना?"

खरंच होतं. मला इतकं खरं असलेलं काही इतकं अपुरं कधी वाटलं नव्हतं.

"मग जे नंतर झालं ते कुठं लिहायचं?"

"शेऱ्याचा एक रकाना असतो. तो आईच्या परवानगीनं भरता येईल." मग त्यांनी स्वतःच्या वहीत काहीतरी टिपून घेतलं आणि मला दाखवलं. पुढच्या व्हिडिओंच्या आधी सेविकेनं घरचं नाव विचारून घ्यावं, असं त्यात होतं. "याचा उपयोग होईल की नवीनच घोळ होईल, ते मला आज सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. त्यांची ही कबुली मला आवडली. निदान त्या इमारतीत गोंधळलेली मी एकटी नव्हते.

निघताना जयश्रीनं माझ्या हातात घरच्या कांद्यांची पिशवी दिली. "रान गेलं तरी परसात चार वाफं लावतो आमी," म्हणाली. माझ्या खुणा काढून टाकणार हे तिला कळलं होतं. "वाईट नका वाटून घिऊ मावशी. माझ्या ऱ्हात्यात की."

चाकणला एकदा परत

अंबाजोगाईची गाडी दुपारनंतर होती. सकाळी रेवती आणि मी शोभाताईंमार्फत रीतसर निरोप देऊन संगीताच्या खोलीवर गेलो. त्या दिवशी तिची साप्ताहिक सुट्टी होती. एक खोली, मोरीपाशी धुण्याची बादली, भिंतीला कंपनीचं कॅलेंडर. नवरा कामावर गेला होता. तिनं चहा टाकला आणि रेवतीनं तिला सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता, काढून टाकणं कितपत शक्य आहे आणि कितपत नाही, तेही. मी पहिल्यांदाच रेवतीला तिच्या कामाबद्दल आमच्या भाषेत बोलताना ऐकलं आणि पहिल्यांदाच मला बरंचसं कळलं.

संगीता ऐकत होती. चिमी तिच्या मांडीला टेकून भाकरीचा पापुद्रा खात होती.

"हिचा बाप कवाचा म्हणतोय काढून टाका," संगीता शेवटी म्हणाली. "पर मी म्हणते, ऱ्हाऊ द्या. दुसऱ्या कुणाच्या लेकराच्या कानात डाळ आसंल. त्याच्या आईला तरी कागद मिळंल. नुसतं तिथं लिवा की."

"काय लिहू?" मी पेन काढलं.

ती सांगत गेली, मी लिहीत गेले. "लिवा, त्या दिशी माझ्या लेकीचा डावा कान बंद व्हता, त्यात डाळ गेल्ती, आमाला ठावं नव्हतं, आमची चूक झाली. आता डॉक्टरनं काढली. आता ती सगळं ऐकती, जरा जास्तच ऐकती, आमी हळू बोललो तरी शेजारी जाऊन सांगती. ती येडी न्हाई."

खाली तिनं सही केली, सावकाश, पूर्ण आडनावासकट.

आम्ही चौकातल्या चहाच्या टपरीवर थांबलो. रेवतीनं लॅपटॉप उघडला आणि तो रकाना मला दाखवला. इवलासा होता. "यात फार मावत नाही मावशी. अक्षरांची मर्यादा आहे."

मग आम्ही दोघी त्या टपरीच्या बाकावर बसून संगीताचं बोलणं कापायला लागलो. आजूबाजूला पाळी सुटलेले कामगार उभे राहून चहा पीत होते. शेजाऱ्यांना जाऊन सांगते, हे आधी काढलं. मला फार वाईट वाटलं, कारण त्या कागदात सगळ्यात खरं तेच होतं. आमची चूक झाली, हे रेवतीनं काढलं. म्हणाली, यात त्यांची कसली चूक. डाळ मी हट्टानं ठेवायला बघत होते, ती बसेना. 'येडी नाही' हे ठेवावं की काढावं, यावर आमचा चहा गार झाला. रेवती म्हणाली, असं लिहिलं तर वाचणाऱ्याच्या मनात आधी तोच शब्द येईल. ते मला पटलं. शेवटी एवढंच उरलं: 'त्या दिवशी डावा कान बंद होता. आता ऐकते.'

"मशीन हा रकाना वाचतं का गं?" मी विचारलं.

रेवतीनं खोटं सांगितलं नाही. "अजून तरी नाही. माणसं वाचतात. कधीकधी."

तिनं ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं, पूर्णविराम तपासला आणि पाठवून दिलं.